गोव्याचे विमान आणि गाडीचा प्रवास: पहिल्या व शेवटच्या रात्रीचा मुक्काम कसा निवडावा

पुणे, कोल्हापूर, सांगली किंवा मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन गोव्याला जायचे, आखातातून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकांना तेथील विमानतळावर घ्यायचे, सगळ्यांनी मिळून गोवा आणि तळकोकण फिरायचे आणि शेवटी त्यांना विमानात बसवून आपण घाट चढून घरी परतायचे, असा बेत आता बऱ्याच घरांत आखला जातो. काही जण स्वतःच विमानाने गोव्यात उतरतात, भाड्याची गाडी घेतात आणि फिरणे संपल्यावर ती परत करून विमान पकडतात. दोन्ही बेतांत पहिली आणि शेवटची रात्र विमानाच्या वेळेशी बांधलेली असते, आणि या रात्रींसाठी बहुतेक नवखे प्रवासी नकाशावर विमानतळाच्या सर्वांत जवळचे हॉटेल शोधून मोकळे होतात. माझ्या मते ही पद्धत अपुरी आहे. ज्या तासाला निघायचे आहे त्या तासाला रस्ता कसा असतो, आणि गाडी चालवणाऱ्याला त्या रात्री सलग किती झोप मिळते, हे दोन प्रश्न किलोमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. खालील टप्पे या दोन प्रश्नांना धरूनच लिहिले आहेत.

पहिला टप्पा: विमान नेमके कोणत्या विमानतळाचे आहे ते पाहा

गोव्यात दोन प्रवासी विमानतळ आहेत. जुना दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्यातील मुरगाव तालुक्यात, वास्को शहराच्या जवळ आहे. तो मुळात नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ असून त्याच्या एका भागातून प्रवासी विमाने चालतात. नवा विमानतळ उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातील मोपा येथील जांभ्या दगडाच्या पठारावर, महाराष्ट्राच्या सीमेपासून जवळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ त्याला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव दिले असले, तरी रस्त्यावर आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी तो मोपाच आहे.

तिकिटावर मोठ्या अक्षरांत फक्त ‘गोवा’ लिहिलेले असू शकते. म्हणून तीन अक्षरी संकेत पाहावा: दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. दोन्ही विमानतळांमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि मध्ये मांडवी व झुआरी या दोन मोठ्या नद्या, पणजी आणि म्हापसा ही दोन गर्दीची शहरे येतात. स्वस्त तिकीट शोधताना येण्याचे विमान एका ठिकाणचे आणि जाण्याचे दुसऱ्या ठिकाणचे घेतले जाणे अगदी शक्य आहे. त्यात वाईट काही नाही, उलट उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ प्रवास करणाऱ्यांना ते सोयीचेही ठरते. मात्र ते माहीत असायला हवे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून तिकिटाचा पूर्ण फोटो मागवून घ्यावा. फोनवर ‘गोव्यालाच उतरतोय’ एवढे कळल्यावर मुक्काम आरक्षित करू नये.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी हा तिसरा विमानतळही याच पट्ट्यात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि तेथून विमाने मोजकीच असतात. तिकीट चिपीचे असेल तर मुक्काम कुडाळ, वेंगुर्ले किंवा मालवण या बाजूला शोधावा. या लेखातील पुढील भूगोल त्याला लागू पडत नाही.

दुसरा टप्पा: घड्याळ उलटे मोजा

मुक्कामाची जागा शोधण्याआधी कागदावर एक छोटे गणित मांडावे. समजा मोपाहून सकाळी ६ वाजून ४० मिनिटांचे देशांतर्गत विमान आहे. सामान देण्याची खिडकी साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते, आणि रांगांचा अंदाज धरून विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे शहाणपणाचे, म्हणजे ४ वाजून ४० मिनिटे. भाड्याची गाडी परत करायची असेल तर गाडी तपासणे, इंधनाचा काटा पाहणे, अनामत रकमेचा हिशेब करणे यासाठी आणखी अर्धा तास, म्हणजे ४ वाजून १० मिनिटे. मुक्काम म्हापशात असेल तर पहाटे पाऊण तास पुरतो, म्हणजे खोलीतून सव्वातीनच्या सुमारास बाहेर पडावे लागेल. मुक्काम कोलव्याला असेल तर हाच आकडा दोनच्या आसपास जातो, म्हणजे त्या रात्री गाडी चालवणाऱ्याला झोप जवळजवळ मिळतच नाही. आंतरराष्ट्रीय विमानासाठी दोनऐवजी तीन तास धरावेत.

हे गणित संध्याकाळच्या विमानासाठी केले की चित्र पालटते. पहाटे पणजीहून मोपाला तासाभराच्या आत सहज जाता येते, पण संध्याकाळी पर्वरी आणि म्हापशाच्या पट्ट्यात गाड्यांच्या रांगा लागतात आणि तेवढ्याच अंतराला दीड तास किंवा त्याहून जास्त धरावा लागतो. नकाशाच्या अॅपमध्ये ‘आत्ता निघालो तर’ हा आकडा पाहून उपयोग नाही. पोहोचण्याची वेळ टाकून आणि शक्यतो तोच वार निवडून अंदाज घ्यावा. पावसाळ्यात त्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे वाढवावीत.

दाबोळीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो नौदलाचा तळ असल्यामुळे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या प्रशिक्षणासाठी राखलेले असतात, त्यामुळे तेथील प्रवासी विमानांची गर्दी दुपारनंतर आणि रात्री वाढते. दुपारी तीनचे विमान असेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळ राहण्याची काहीही आवश्यकता नाही. बाणावली किंवा माजोर्ड्याला शेवटची सकाळ समुद्रावर घालवून, सावकाश न्याहारी करून निघता येते. विमानतळाजवळ राहायचे की नाही, हा निर्णय खरे तर या गणितातूनच निघतो. पहाटेचे उड्डाण किंवा मध्यरात्रीचे आगमन नसेल तर त्या मुक्कामावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा टप्पा: नद्या आणि घाट यांच्या कोणत्या बाजूला राहायचे ते ठरवा

गोव्यात अंतर नद्यांनी आणि घाटांनी ठरते. मुक्काम आणि विमानतळ यांच्यामध्ये जितके पूल, जितकी शहरे आणि जितके घाट येतील तितकी अनिश्चितता वाढते. म्हणून शेवटच्या रात्री निदान शहर आणि घाट तरी आपल्या मागे टाकून झोपावे.

मोपासाठी याचा अर्थ असा, की म्हापशाला किंवा त्याच्या उत्तरेला पोहोचावे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून धारगळजवळ विमानतळाचा रुंद जोडरस्ता फुटतो आणि थेट पठारावर चढतो. त्यामुळे धारगळ, कोलवाळ आणि म्हापसा हा महामार्गालगतचा पट्टा पहाटेच्या विमानासाठी सर्वांत निर्धोक आहे. म्हापशात लॉज आणि मध्यम हॉटेले भरपूर, जेवणाची सोय चांगली, औषधाचे दुकान आणि एटीएम हाताशी. शहराला समुद्र नाही म्हणून पर्यटक तेथे राहत नाहीत, पण शेवटच्या रात्री समुद्राची गरजही नसते. विमानतळाच्या अगदी जवळच्या मोपा, नागझर, वारखंड, उगवे या गावांतही आता होमस्टे दिसू लागले आहेत. तेथे शांतता मिळते, पण रात्री उशिरा खाण्यापिण्याचे दुकान सापडेल या भरवशावर जाऊ नये. जेवण घरमालकाकडेच सांगून ठेवावे किंवा म्हापशात उरकून पुढे जावे.

हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी हे किनारे नकाशावर मोपाच्या कुशीत असल्यासारखे दिसतात. अंतर खरोखरच कमी आहे, परंतु किनाऱ्याकडून पेडण्याकडे येणारे रस्ते गावांतून, शेतांच्या कडेने, वळणे घेत जातात, काही ठिकाणी समोरून बस आली तर एका गाडीला थांबावे लागते, आणि रात्री दिवे नसलेल्या वळणांवर गुरे बसलेली असतात. दिवसाच्या विमानासाठी हे किनारे उत्तम आहेत. पहाटेच्या विमानासाठी, विशेषतः हा रस्ता आधी दिवसाउजेडी एकदा तरी चालवलेला नसेल, तर मी तेथे राहण्याचा सल्ला देणार नाही. शिरोडा, रेडी किंवा आरोंद्याला राहणारेही किरणपाणीच्या पुलावरून याच रस्त्यांना लागतात, तेव्हा त्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. कळंगुट आणि बागा येथून म्हापसा गाठणेच संध्याकाळी जिवावर येते. पहाटे मात्र तो रस्ता मोकळा असतो.

महाराष्ट्राच्या बाजूने सावंतवाडी आणि बांदा हे दोन पर्याय मराठी प्रवाशांनी जरूर विचारात घ्यावेत. बांद्याहून पत्रादेवीची सीमा ओलांडली की महामार्ग ६६ वरून धारगळ येते, आणि सावंतवाडीहून पहाटे साधारण पाऊण ते एक तासात विमानतळ गाठता येतो. गोव्यात डिसेंबरअखेरीस खोल्यांचे दर भडकलेले असतात तेव्हा सावंतवाडीत तुलनेने स्वस्त आणि स्वच्छ जागा मिळते, मोती तलावाच्या काठी संध्याकाळ चांगली जाते, आणि आंबोली घाट उतरून आलेल्या माणसाला त्याच दिवशी आणखी पुढे गाडी हाकावी लागत नाही. दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असते, म्हणून टाकी पत्रादेवी ओलांडल्यावर भरावी, आणि परतीच्या वेळी सीमा ओलांडण्याआधी. दुसरे म्हणजे गोव्यात फिरून मुक्कामाला महाराष्ट्रात परतणाऱ्यांच्या गाड्या इन्सुलीच्या नाक्यावर मद्यासाठी तपासल्या जातात. परवान्याशिवाय गोव्याची बाटली गाडीत असेल तर गुन्हा नोंदवला जातो आणि गाडीही अडकते. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

दाबोळीसाठी झुआरीच्या दक्षिणेला राहावे. वास्को शहर विमानतळापासून चार-पाच किलोमीटरवर आहे आणि तेथे प्रत्येक दराची हॉटेले आहेत. बोगमाळो किनारा तितकाच जवळ असून विमानतळाजवळ राहूनही समुद्र हवा असेल तर तोच एक खरा पर्याय आहे. चिखली आणि दाबोळी गावातही जागा मिळतात. मात्र या सर्व परिसरात दिवसा नौदलाच्या लढाऊ विमानांचा आवाज जाणवतो. रात्रभर प्रवास करून आलेल्या आणि दुपारी झोप घेऊ पाहणाऱ्या वृद्धांना किंवा लहान मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी वेर्णा ओलांडून माजोर्डा, उतोर्डा किंवा मडगावची बाजू बरी. मडगाव विमानतळापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. पणजीहून दाबोळीला येताना पूर्वी कुठ्ठाळीच्या जुन्या पुलावर तासन्‌तास खोळंबा होत असे. नव्या झुआरी पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने खुली झाल्यापासून ती कोंडी बरीच सुटली आहे. त्यामुळे पणजीचा मुक्काम दाबोळीसाठी आता पूर्वीइतका धोक्याचा राहिलेला नाही.

फोंडा तालुक्याचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण अनेक मराठी कुटुंबांचे कुलदैवत तेथे आहे आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत, म्हणजे भाविकांसाठीच्या निवासांत, उतरण्याची पद्धत जुनी आहे. अनमोड घाटाने येणाऱ्यांना फोंडा वाटेतच लागतो आणि दाबोळी तेथून तासाभराच्या अंतरावर आहे. पहिल्या किंवा मधल्या रात्रीसाठी अग्रशाळेसारखी जागा नाही. शेवटच्या रात्रीसाठी मात्र दरवाजे रात्री किती वाजता बंद होतात आणि पहाटे कोण उघडेल, हे कार्यालयात विचारूनच राहावे.

घाटाचा नियम सरळ आहे: विमानाच्या आदल्या रात्री घाटाच्या वरच्या बाजूला राहू नये. जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीत धुके इतके दाटते की पुढच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे होतात, आणि शनिवारी-रविवारी धबधब्याजवळ पर्यटकांच्या गाड्या रस्त्यावरच उभ्या असतात. चोर्ला आणि अनमोड येथेही पावसाळ्यात झाड पडणे, दरड येणे, ट्रक बंद पडणे हे प्रकार घडतात. बेळगाव, आजरा किंवा खुद्द आंबोलीत राहून दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान गाठू, असा बेत उन्हाळ्यात पार पडेलही; पावसाळ्यात तो आखू नये.

सणांचे दिवसही याच टप्प्यावर तपासावेत. गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो. श्रावणात वास्कोत दामोदराचा सप्ताह असतो तेव्हा शहरातील मुख्य रस्त्यांवर दुकाने लागतात आणि गाडी आत नेणे कठीण होते. कार्निव्हलच्या मिरवणुका पणजी, मडगाव, वास्को आणि म्हापसा या शहरांत वेगवेगळ्या दिवशी निघतात. ३१ डिसेंबरबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

चौथा टप्पा: पहिल्या रात्रीची तारीख बरोबर टाका

विमान १५ तारखेला पहाटे दोन वाजता उतरणार असेल तर खोली १४ तारखेच्या रात्रीची घ्यावी लागते. आरक्षणात १५ तारीख टाकली तर पहाटे तीन वाजता दारात उभे राहिल्यावर खोली दुपारी मिळेल असे सांगितले जाते, आणि त्यात हॉटेलची चूक काहीच नसते. १४ तारीख टाकल्यावर लगेच फोन करून ‘आम्ही मध्यरात्रीनंतर येणार आहोत’ हे कळवावे. नाहीतर संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही म्हणून खोली दुसऱ्याला दिली जाण्याची शक्यता असते. विमानाचा क्रमांक संदेशाने पाठवून ठेवला तर उशीर झाल्यास समजावणे सोपे जाते.

परदेशी पासपोर्टवर प्रवास करणारे पाहुणे असतील तर त्यांची नोंद शासनाकडे २४ तासांच्या आत करणे हॉटेल किंवा होमस्टेच्या मालकावर बंधनकारक असते. लहान लॉज आणि काही घरगुती जागा ही कटकट नको म्हणून अशा पाहुण्यांना ऐनवेळी नकार देतात. आपली बहीण असली, मराठी बोलत असली, तरी पासपोर्ट ब्रिटिश असेल तर हा प्रश्न येतोच. म्हणून आरक्षणाआधी स्पष्ट शब्दांत विचारावे.

खाजगी व्हिला किंवा घर ऑनलाइन घेताना आणखी सावध असावे. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पाहुणे ठेवणाऱ्या जागेची पर्यटन खात्याकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. फक्त फोटो दाखवून संपूर्ण रक्कम आधी मागणाऱ्या, पण व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या माणसाकडे पैसे पाठवू नयेत.

पाचवा टप्पा: खोलीआधी गाडीची जागा पाहा

हॉटेलच्या जाहिरातीत ‘पार्किंगची सोय’ असे लिहिलेले असते, पण त्या दोन शब्दांत अनेक प्रकार सामावतात. वास्को किंवा म्हापशातील एखाद्या जुन्या लॉजचे आवार डोळ्यांसमोर आणावे. फाटकातून आत आले की चार गाड्यांची जागा असते आणि रात्री अकरापर्यंत तेथे सात गाड्या लागलेल्या असतात, एकीमागे एक. सर्वांत आत आपली गाडी, कारण आपण संध्याकाळी पाच वाजता पहिले आलो. पहाटे साडेतीनला पिशव्या घेऊन खाली उतरल्यावर पुढच्या दोन गाड्यांचे मालक तिसऱ्या मजल्यावर झोपलेले, रखवालदाराकडे एकाचीच किल्ली, आणि फाटकाला कुलूप. हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. आल्याबरोबर निघण्याची वेळ सांगून गाडी फाटकाजवळ, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावावी, आणि झोपण्याआधी एकदा खाली येऊन पुढे कोणी गाडी लावली नाही ना, हे पाहावे.

होमस्टे असेल तर आणखी काही प्रश्न विचारावेत. गाडी घरापर्यंत जाते की गल्लीच्या तोंडाशी ठेवावी लागते? इनोव्हासारखी लांब गाडी वळते का? जमीन फरशीची आहे की मातीची? पावसाळ्यात लाल माती एका रात्रीत इतकी भुसभुशीत होते की सामानाने भरलेल्या गाडीचे चाक जागेवरच रुतते. माडाखाली गाडी कधीही उभी करू नये. नारळ किंवा वाळलेले झावळ पडले तर काचेचा खर्च कोणी देत नाही. विजेवरची गाडी असेल तर १६ अँपियरचा प्लग गाडीपर्यंत पोहोचेल अशा जागी आहे का, आणि रात्रभर जोडून ठेवायला घरमालकाची हरकत नाही ना, हे आधीच ठरवून घ्यावे.

न्याहारी खोलीच्या भाड्यात धरलेली असली, तरी पहाटे चारला निघणाऱ्याला तिचा उपयोग नाही. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे आणि पोई हे ताजे पाव घेऊन सायकलवरून येतो तोवर आपण विमानतळावर असतो. रात्रीच पाव, उकडलेली अंडी, केळी बांधून मागावीत. बहुतेक घरमालक आनंदाने देतात. बिलही रात्रीच चुकते करावे, कारण पहाटे रिसेप्शनवर असलेला मुलगा पैसे घेऊ शकतो, पण पावती देऊ शकत नाही, असे पुष्कळदा होते.

सहावा टप्पा: भाड्याची गाडी असल्यास

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. सावंतवाडी, मालवण किंवा वेंगुर्ल्याला जायचे असेल तर गाडी राज्याबाहेर नेण्याची परवानगी लेखी घ्यावी. गाडी मोपाला घेऊन दाबोळीला परत करता येते का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हेही मुक्काम ठरवण्याआधी विचारावे, कारण शेवटच्या रात्रीची जागा यावरच अवलंबून राहील.

एक पर्याय मला फार उपयोगी वाटतो. पहाटेचे विमान असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच परत करून टाकावी, म्हापसा किंवा वास्कोत मुक्काम करावा आणि सकाळसाठी हॉटेलकडूनच टॅक्सी ठरवावी. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. ‘गोवा माइल्स’ हे अॅप आहे, स्थानिक टॅक्सी आहेत आणि विमानतळांवरून कदंब महामंडळाच्या बसही सुटतात, पण पहाटे चारसाठी रस्त्यावर गाडी सापडेल असे धरून चालू नये. टॅक्सीचा दर रात्री जास्त असतो. तरीही एका दिवसाचे गाडीभाडे वाचते आणि अंधारात गाडी तपासून देण्याची घाई टळते.

सातवा टप्पा: सोडून परतणाऱ्या माणसाचा विचार करा

या संपूर्ण आखणीत सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे पाहुण्यांना पहाटे विमानतळावर सोडून एकटाच घरी निघणारा चालक. तो आदल्या दिवशी सगळ्यांना फिरवून थकलेला असतो, रात्री गप्पा बारापर्यंत चालतात, तीन वाजता उठून तो सामान गाडीत भरतो, आणि पाच वाजता सगळे आत गेल्यावर ‘आता निघालोच आहे तर दुपारी घरी पोहोचू’ म्हणून तसाच पुण्याच्या रस्त्याला लागतो. निरोपानंतर रिकाम्या गाडीत झोप फार लवकर येते, आणि मोपाहून निघाल्यावर तासा-दीड तासात आंबोलीची वळणे सुरू होतात.

म्हणून शेवटच्या मुक्कामाची खोली विमानाच्या दिवशी दुपारपर्यंत आपल्या ताब्यात राहील अशी घ्यावी. काही हॉटेले २४ तासांच्या हिशेबाने खोली देतात. संध्याकाळी पाचला आत गेलो तर दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत ती आपलीच असते. इतर ठिकाणी खोली सोडण्याची वेळ सकाळी दहा किंवा अकरा असते, तेथे उशिरा सोडण्याबद्दल आधी बोलून थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. त्या दृष्टीने परत पुणे-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना सावंतवाडी किंवा बांदा येथील मुक्काम सर्वांत सोयीचा पडतो: पाहुण्यांना मोपाला सोडून घरच्याच दिशेने परत यायचे, खोलीत तीन-चार तास गाढ झोपायचे, अंघोळ आणि जेवण करून मग निघायचे. दाबोळीला सोडणाऱ्याने वास्कोतील खोलीत परतावे. पाहुण्यांचे विमान सुटल्याचा संदेश येईपर्यंत खोली सोडावी लागत नाही, हा आणखी एक फायदा. विमान रद्द झाले किंवा बरेच लांबले तर वृद्ध आई-वडिलांना बसवायला हक्काची जागा हाताशी असते.

आंबोलीला निघण्याआधी हॉटेलवाल्याला किंवा नाक्यावरच्या चहावाल्याला घाटातील धुक्याबद्दल विचारावे. सकाळी घाट उतरून आलेल्या ट्रकवाल्यांकडून त्यांना खरी बातमी कळलेली असते. धुके दाट असल्याचे कळले तर दुपारी अकरा-बारापर्यंत थांबावे आणि टाकी, वायपर व पुढचे दिवे तेवढ्या वेळात तपासून घ्यावेत.